आजी चौकटीच्या बाहेर

आमच्या फ्रीजच्या दारावर सध्या एक मोठा कागद लावलेला आहे. कागदाच्या मधोमध एक चौकट, चौकटीत अंड्यांसारखे लंबगोल आणि चौकटीच्या बाहेर काड्यांची माणसं उभी. पाण्याची बाटली काढता काढता प्रत्येक जण थांबतो आणि कौतुकानं विचारतो, मुलीनं काढलं वाटतं? मुलगी नुकतीच रांगायला लागली आहे आणि पेन्सिल तिला फक्त खाण्यासाठी लागते. चित्र मी काढलंय, आणि अशी चित्रं काढण्याचा मला पगार मिळतो. हे शेवटचं मी सहसा सांगत नाही. सांगितलं की लोक चित्राकडे पुन्हा एकदा बघतात आणि मग माझ्याकडे.

तरी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. कुठलंही सॉफ्टवेअर बनवण्याआधी ते कोण वापरणार आणि कशासाठी वापरणार, हे ठरवावं लागतं. ते ठरवून कागदावर मांडणं हे माझं काम. चौकट म्हणजे सिस्टिम. आतले लंबगोल म्हणजे ती जी कामं करून देते ती. आणि काडीची माणसं म्हणजे ॲक्टर. यात अभिनय वगैरे काही नसतो; जो बाहेरून येऊन सिस्टिमकडे काही मागतो किंवा तिला काही देतो, तो ॲक्टर. माणूस असेल, दुसरं एखादं यंत्र असेल. नियम एकच आणि तो कडक आहे: ॲक्टर नेहमी चौकटीच्या बाहेर. हा नियम मी परीक्षेत लिहिला होता, नोकरीत वापरला होता. त्यानं कोणाचं मन दुखावतं, असं मात्र कुठल्याच पुस्तकात छापलेलं नव्हतं.

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परतले तेव्हा आमच्या टीम लीडरनं मला एक काम दिलं. हा माणूस कुठलीही गोष्ट मुद्द्यांत सांगतो, म्हणून ऑफिसात त्याला सगळे मुद्देसूद म्हणतात. मुद्दा असा होता, की लहान मुलांच्या एका दवाखान्याला वेळा नोंदवण्याचं सॉफ्टवेअर हवं होतं. त्यांना आपलं मॉडेल समजावून द्यायचं. ते त्यांना पटलं, तर मला घरून, अर्धवेळ काम करता येईल. नाही पटलं, तर ऑफिसात या, पूर्णवेळ या, किंवा मग विचार करू. या ‘विचार करू’चा अर्थ नोकरी करणाऱ्या कोणालाही विचार न करता कळतो.

आणि एक पोटमुद्दा होता. दवाखान्यातल्या लोकांना हे चौकटी-लंबगोल परके वाटतील, तेव्हा सुरुवातीला रोजच्या आयुष्यातलं एखादं सोपं उदाहरण घाल. मी म्हटलं, त्यात काय, आमच्या घरीच एक सिस्टिम चोवीस तास चालू असते. मी कागद घेतला, चौकट काढली आणि वर लिहिलं, ‘बाळ सांभाळणे’. आत लंबगोल: दूध पाजणे, आंघोळ घालणे, झोपवणे, गॅलरीतून कावळे दाखवणे. जमिनीवरच्या सगळ्या वस्तूंवर मुलीची मालकी असल्यामुळे कागद चार चुंबकांनी फ्रीजवर लावला. माझ्या सगळ्या दुःखाची सुरुवात या चुंबकांपासून झाली.

पहिल्या कच्च्या चित्रात मी सासूबाईंना चौकटीच्या आत काढलं होतं. का, ते विचारू नका. हातानं आपोआप काढलं. मिक्सर जसा ओट्यावर असतो, सिलिंडर ओट्याखाली असतो, तशा आजी घरात असतात, एवढा सरळ हिशेब. मुद्देसूदाला फोटो पाठवला. त्याचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात मुलगी आणि दुसऱ्या हातात तिचा मोजा होता, म्हणून मी स्पीकर लावला. तो म्हणाला, “आजी आत कशा? त्यांना आधी बाहेर काढ. त्या आत आहेत तोवर सगळं चुकणार.” मी म्हटलं, हो, आजच काढते.

सासूबाई स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. त्यांनी पातेलं पुसून पूर्ण केलं, जागेवर ठेवलं आणि मग बाहेर आल्या. मी घाईघाईनं खुलासा करायला गेले, तर म्हणाल्या, “अगं, चित्राबद्दल बोलत होता तो, मला काय कळत नाही?” सासूबाई आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. लोकांची बोलणी ऐकून न ऐकल्यासारखं करणं हा त्यांचा व्यवसायच होता. मी निश्चिंत झाले, खोडरबर घेतलं आणि आजींना खोडून चौकटीच्या उजवीकडे काढलं.

आता आमच्या शास्त्रात डावीकडे मुख्य वापरकर्ते उभे राहतात, ज्यांच्यासाठी सिस्टिम आहे ते. उजवीकडे मदत करणारे बाह्य घटक. डावीकडे मुलगी होती, मी होते, नवरा होता. उजवीकडे दूधवाला, बाळाचे डॉक्टर आणि त्यांच्या मधोमध सासूबाई. वर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘सहाय्यक बाह्य घटक’. चौकटीच्या आत खोडल्याची करडी सावली तेवढी राहिली.

त्या संध्याकाळी मुलगी रडायला लागली. एरवी मी उठेपर्यंत सासूबाईंनी तिला उचललेलं असतं. त्या दिवशी त्या दारात उभ्या राहून अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, “मुख्य वापरकर्ती रडते आहे. बाह्य घटकानं उचललं तर चालेल का?”

मी हसले. घरात मी एकटीच हसले.

घरातलं भांडण ही खाजगी गोष्ट असते, पण फ्रीजवरचा कागद सार्वजनिक असतो. सासऱ्यांनी तो चष्मा लावून वाचला आणि त्यांना त्यात स्वतःचा पत्ताच लागला नाही. मी सांगितलं की ‘आजी’मध्येच तुम्ही धरलेले आहात, दोघांचं काम सारखंच. हे ऐकून दोघांनाही सारखाच राग आला. सासरे म्हणाले की मुलीला दुपारी पेपरातला अग्रलेख वाचून झोपवण्याचं काम गेले कित्येक दिवस ते एकहाती करताहेत आणि हे घरातल्या दुसऱ्या कोणाला जमणार नाही. ते खरंच आहे. दुसऱ्या परिच्छेदाला मुलगी गाढ झोपते. मी त्यांना वेगळा ॲक्टर दिला, ‘अग्रलेख वाचणे’ हा लंबगोल दिला आणि दोघांना रेषेनं जोडलं. त्यांनी आपल्या काडीच्या माणसाला पेन्सिलीनं केस काढले, जे प्रत्यक्षात नाहीत.

नवरा ऑफिसातून आला आणि त्यानं मार्कर उचलून स्वतःपासून प्रत्येक लंबगोलापर्यंत एकेक रेषा ओढली. आंघोळीला रेषा, दुधाला रेषा, कावळ्यांनाही रेषा. सकाळी उठून पाहते तो त्यातली फक्त कावळ्यांची रेषा शिल्लक होती. बाकीच्यांवर कोणीतरी पांढरी शाई फिरवली होती, आणि ती बाटली शिवणाच्या डब्यात असते, आणि शिवणाचा डबा कोणाचा असतो ते मी सांगायची गरज नाही.

समोरच्या काकू साखर मागायला आल्या त्या साखर न घेताच चित्रासमोर उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं असं, की त्या रोज सकाळी दारातून ‘झोपली का गं रात्री?’ म्हणून विचारतात, ही बाहेरून मिळणारी सेवा नाही तर काय? मी त्यांना दूधवाल्याच्या खाली जागा दिली. त्यांनी दूधवाल्याच्या वर मागितली. मग सासूबाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, “तुम्हाला बाहेर ठेवलंय, ते मनाला लावून घेऊ नका हो.” तोवर सासूबाईंनी जेवढं मनाला लावून घेतलं होतं, त्यात या वाक्यानं चांगली भर पडली.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. घराघरातल्या वादांत त्यांना न बोलावता लक्ष घालावं लागतं, कारण बोलावत कोणीच नाही. त्यांनी कागद हात मागे बांधून पाहिला आणि म्हणाले की मांडणी ठीक आहे, पण आजी गैरहजर असतील तेव्हा त्यांचा कार्यभार कोणाकडे, हे कुठेच नमूद नाही. मी म्हटलं, त्या गैरहजर नसतात. ते म्हणाले, कागदावर असं चालत नाही. मला वाटलं, काय हा चिकटपणा. आज त्यांची क्षमा मागावीशी वाटते, पण मग ते रोज येतील.

हे सगळं कमी पडलं म्हणून की काय, आमच्या कंपनीच्या दर्जा विभागानं चित्र परत पाठवलं. दर्जा विभागात नेमकं कोण बसतं ते आम्हाला माहीत नाही. तिथून फक्त शेरे येतात. शेरा असा, की ‘आजी’ हे नातं आहे, भूमिका नाही. ॲक्टरला भूमिकेचं नाव द्यावं. मी बराच वेळ खर्ची घालून ‘मानद वरिष्ठ काळजीवाहक’ असं लिहिलं. मला ते फार भारदस्त वाटलं. सासूबाईंनी वाचलं आणि विचारलं, “मानद म्हणजे बिनपगारीच ना गं?”

शिवाय आणखी एक शेरा होता. प्रत्येक ॲक्टरचं उद्दिष्ट लिहा, रकाना रिकामा चालणार नाही. मी ते मुलीला मांडीवर झोपवत, एका हातानं भराभर भरून टाकलं. मुलगी: दूध, झोप आणि सर्वांचे चष्मे. मी: नोकरी टिकवणे. नवरा: वेळेवर ऑफिसला निघणे. सासरे: अग्रलेख पूर्ण वाचून होणे. सासूबाई: नातीचा सांभाळ. पाच मिनिटांत काम संपलं म्हणून मी स्वतःवर खूश होते.

सासूबाई फ्रीजपाशी उभ्या राहून ते वाचत होत्या तेव्हा मी भाजी चिरत होते. त्या म्हणाल्या, “हे माझं उद्दिष्ट?”

“हो ना. का?”

“काही नाही. तू माझ्या वतीनं लिहिलंस, बरं केलंस. माझा तेवढा वेळ वाचला.” मग दूध आत ठेवून फ्रीज बंद करत म्हणाल्या, “बुधवारी दुपारी मी बाहेर जाणार आहे. बाह्य घटक बाहेरच बरा.”

बुधवारी दुपारी माझं दवाखान्यासमोर सादरीकरण होतं. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं, कारण बुधवारी त्या घरी असणारच होत्या. सूर्य उगवणार आहे का, हे आपण आधी विचारून ठेवत नाही. त्या क्षणी सांगून टाकलं असतं तर त्या थांबल्याही असत्या. पण माझाही स्वाभिमान आहे आणि तो नेमका नको तेव्हा जागा होतो. मी कांद्याकडे बघत म्हटलं, “जा की.”

नवऱ्याला सुट्टी मागितली तर म्हणाला, बुधवारी त्याचीही मीटिंग आहे, पण अगदीच इमर्जन्सी झाली तर फोन कर. इमर्जन्सी झाल्यावर माझा कुठला हात मोकळा असेल, ते त्यानं सांगितलं नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, मुलीच्या हातात उकडलेला बटाटा द्या, तास निघतो. हेडक्लार्क म्हणाले, आता तरी पटलं ना? सासरे तेवढे ठामपणे म्हणाले, काळजी करू नकोस, अग्रलेख आहे.

बुधवारी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, छत्री घेऊन निघाल्या. मुलीचा भात कालवून ठेवला होता, दुपट्टी घडी करून ठेवली होती, गरम पाणी थर्मासमध्ये भरलं होतं. रुसून जाणाऱ्या माणसानं इतकी तयारी करून जाऊ नये. मागे राहणाऱ्याला धड रागावताही येत नाही.

सादरीकरण सुरू झालं. पडद्यावर एका चौकोनात मुलांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या रिसेप्शनिस्ट बाई, दुसऱ्या चौकोनात कॅमेरा बंद ठेवून मुद्देसूद. आतल्या खोलीत सासऱ्यांनी अग्रलेख सुरू केला. त्या दिवशीचा अग्रलेख विशेष गंभीर असावा, कारण दुसऱ्या परिच्छेदाला सासरे स्वतःच झोपले. त्यांच्या घोरण्याच्या तालावर मुलगी रांगत बाहेर आली, माझ्या पायाला धरून उभी राहिली आणि मी तिला मांडीवर घेताच तिनं दोन्ही तळहात की-बोर्डवर आपटले.

पडदा घराच्या उदाहरणावर, म्हणजे फ्रीजवरच्या कागदाच्या फोटोवर, अडकला. पुढे जाईना, मागे जाईना. दवाखान्याचं खरं मॉडेल, ज्यासाठी मी इतके दिवस झोप मोडली होती, ते पुढच्या पानावर होतं आणि ते पान काही उघडेना. मुलीनं माझा हेडफोन ओढून गळ्यात घातला. मी बोलत राहिले. बटाटा आठवला, तो स्वयंपाकघरात होता. मी म्हणत होते की बाह्य घटक ओळखणं हा पाया आहे, तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आधी तिच्या तोंडातलं पेनाचं टोपण काढा.”

मी काढलं. मुलगी शांतपणे चावू शकेल असं काय द्यावं, तेही त्यांनी सांगितलं. फी न घेता तपासणी झाली, ही त्या दिवसाची पहिली चांगली गोष्ट.

मग त्या पडद्यावरचं चित्र बघत बसल्या. इतकं सविस्तर चित्र त्यांनी कधी पाहिलं नसावं. सासऱ्यांचे केस, पांढऱ्या शाईचे डाग, दूधवाल्याच्या डोक्यावर उभ्या असलेल्या काकू, सगळं त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, या आजी बाहेर का? आमच्याकडे निम्मी मुलं आज्याच घेऊन येतात. मला तर वाटतं त्यांच्याशिवाय आत काही चालत नसेल.

मी पाठ केलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मांडीवर मुलगी माझ्या कानातलं ओढत होती. आतून घोरणं येत होतं. मला तो थर्मास दिसला.

मी म्हटलं, “आत जे असतं ना, ते आपल्या हुकमाचं असतं. बटण दाबलं की झालंच पाहिजे. आजी हुकमाच्या नाहीत. त्या आपल्या मनानं येतात, रोज येतात, म्हणून आपल्याला त्या भिंतीसारख्या वाटतात. मी त्यांना आधी आतच काढलं होतं. ती चूक होती.”

हे बोलून झाल्यावर मला स्वतःलाच कळलं की मी काय बोलले. हे मी घरात कोणालाही सांगितलेलं नव्हतं. अनोळखी बाईंना, पगारी वेळेत सांगत होते.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि विचारलं, मग उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलंय, ते त्यांना विचारून लिहिलंय का? मी म्हटलं, नाही. शेजारी बसलेल्या रिसेप्शनिस्ट बाई पहिल्यांदाच बोलल्या. त्यांनी विचारलं, दवाखान्याच्या चित्रात माझं उद्दिष्ट काय लिहिलंय? मी सांगितलं, ‘वेळा नोंदवणे’. त्या डॉक्टरीणबाईंकडे न बघता म्हणाल्या, “माझं उद्दिष्ट वेळेवर घरी जाणं आहे.”

मुद्देसूदाचा चौकोन काळा आणि गप्प होता. मी मनातल्या मनात पूर्णवेळ नोकरीच्या बसचं वेळापत्रक आठवायला लागले. पण डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, आम्हाला आधी विचारून मग आमचं चित्र काढा. तुम्हीच काढा. आणि त्या मुलीला आता भूक लागली आहे.

कॉल संपल्यावर मुद्देसूदाचा एकाच मुद्द्याचा निरोप आला: घरूनच काम कर, ऑफिसात अशी उदाहरणं मिळायची नाहीत.

मला रडू आलं. मुलीनं लगेच साथ दिली. सासरे जागे होऊन बाहेर आले आणि म्हणाले, बघ, म्हटलं होतं ना, अग्रलेखाला तोड नाही.

सासूबाई दिवेलागणीच्या आधी परतल्या. छत्री कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि मुलीला घेतलं. मग कुठे विचारलं, “तोंड का उतरलंय? काय झालं?” मी सगळं सांगितलं. टोपण सांगितलं, केस सांगितले, डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर मात्र गिळलं. ते तोंडावर सांगणं काही मला जमलं नाही. त्याऐवजी मी मार्कर घेऊन फ्रीजपाशी गेले, ‘नातीचा सांभाळ’ यावर रेघ मारली आणि विचारलं, “आई, तुमचं उद्दिष्ट काय लिहू?”

“आता काय विचारतेस. राहू दे ते.”

“रकाना रिकामा चालत नाही.”

त्या मुलीचं जावळ सारखं करायला लागल्या. मग म्हणाल्या की टेलिफोन खात्यात असताना त्या रोज एकाच बसनं जायच्या. त्यांचं ऑफिस अर्ध्या वाटेवर होतं. त्या उतरायच्या आणि बस पुढे जायची. बसच्या पाटीवर शेवटच्या थांब्याचं नाव रोज वाचलं, पण तो थांबा कधी बघितला नाही. नोकरी होती, मग मुलगा झाला, सासू अंथरुणाला खिळली, मग आता ही. तर एकदा खिडकीपाशी बसून शेवटपर्यंत जायचं होतं. बस, एवढंच.

“मग आज गेलात ना?”

“गेले कुठली. ऑफिसचा थांबा आला आणि पाय आपोआप उतरले. खाली उतरल्यावर लक्षात आलं.” त्या हसायला लागल्या. “समोरच्या बाजूला उभी राहिले आणि परतीची बस धरली. बराच वेळ आलीच नाही मेली.”

त्या हसत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत होते. माझी परीक्षा असताना, बाळंतपण असताना, ताप असताना, हे घर सोडून त्या कुठेच उतरल्या नव्हत्या, आणि त्याबद्दल मी त्यांना कधी धन्यवादसुद्धा म्हटलं नव्हतं. तेव्हाही म्हटलं नाही. मी रकान्यात लिहिलं, ‘शेवटचा थांबा’. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि ‘थांबा’तल्या ‘थां’वरचा अनुस्वार ठळक केला.

नवऱ्याला मी सांगितलं की दर बुधवारी दुपारी कार्यभार त्याच्याकडे. तो ‘पण’ म्हणाला. मी पांढऱ्या शाईची बाटली त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, त्या पुसलेल्या रेषा परत मिळवायच्या असतील तर हीच संधी आहे. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हेडक्लार्कांना ही व्यवस्था जिन्यातच कळली आणि त्यांनी तिला मंजुरी दिली, जी कोणी मागितली नव्हती.

दर्जा विभागानं चित्र पुन्हा परत पाठवलं. शेरा होता: ‘शेवटचा थांबा’ या उद्दिष्टाचा सिस्टिमशी काहीही संबंध नाही. मी खाली उत्तर लिहिलं: म्हणूनच त्या बाह्य घटक आहेत. त्यानंतर तिकडून शेरा आलेला नाही.

पुढच्या बुधवारी सासूबाई निघाल्या तेव्हा मी त्यांना दारात बजावलं की ऑफिसचा थांबा आला की डोळे मिटून घ्या. संध्याकाळी त्या आल्या तेव्हा नवऱ्याच्या शर्टावर भात होता, मुलीच्या केसात भात होता आणि कावळ्यांची रेषा आता खरोखर त्याची झाली होती. मी स्वयंपाकघरातून धावत आले.

“पोचलात? काय आहे तिथे?”

“काही नाही गं,” त्या चपला काढत म्हणाल्या. “एक पाण्याची टाकी आहे, आणि बस वळवायला जागा.”

मला फार वाईट वाटलं. सासूबाईंनी छत्री कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि मुलीच्या केसातला भात काढायला बसल्या.

“पुढच्या बुधवारी लवकर निघेन म्हणते,” त्या म्हणाल्या. “आज खिडकी मिळाली नाही.”